मी चालवून घेत नाही

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. तुम्ही मोबाईलवर काही विचारता, तेव्हा दूरचा एक संगणक उत्तर देतो ना? तो उत्तर देणारा प्रोग्राम दर वेळी शून्यापासून कोण लिहीत बसणार? प्रोग्रामर मंडळी तो माझ्यावर उभा करतात. मी फुकट आहे. माझी ओळ न ओळ कुणीही वाचावी, न्यावी, सुधारावी. फक्त सगळ्या जगानं मिळून ठरवलेले नियम मी सोडत नाही. त्यापायी काही जण मला 'नन्नाचा पाढा' म्हणतात. म्हणोत बापडे!

मला घडवलं गणिताच्या एका बाईंनी, शाळा सुटल्यावर, जेवणाच्या टेबलावर. त्यांचे यजमान ताटं हातात घेऊन ताटकळत उभे राहायचे. चार वर्षं हेच चाललं.

पुढे डोळ्यांच्या एका दवाखान्यानं मला कामाला लावलं. नोंदणीच्या खिडकीवरच्या ताई ऑपरेशनची तारीख टाकायच्या, मी ती तपासून यादीकडे पाठवायचे. ताई नुसतं ०६/०३ लिहायच्या. यातला दिवस कुठला आणि महिना कुठला? मी 'चूक' म्हणून परत पाठवायचे, दिवसातून चाळीस वेळा. ताई रडकुंडीला आल्या. व्यवस्थापकांनी बाईंना फोन करून सांगितलं, की हिला जरा चालवून घ्यायला शिकवा, नाहीतर काढून टाकतो.

बाई म्हणाल्या, "काढा. पण अंदाजपंचे काम करायला मी तिला शिकवणार नाही."

काढलंच. त्यांच्या प्रोग्रामरनं माझी नक्कल करून घेतली, तसा हक्क सगळ्यांनाच आहे, आणि तिच्यातली तपासणी पुसून टाकली. नक्कल मोठी गोड! काहीही द्या, 'ठीक आहे' म्हणायची. जो तो तिचं कौतुक करी. खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झाला.

मार्चच्या सहा तारखेला एक शिंपीकाका मुलीचा हात धरून दवाखान्यात आले. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून ऑपरेशन ठरलं होतं. यादीत त्यांचं नावच नव्हतं. नकलेनं आधी महिना धरून ०६/०३ म्हणजे तीन जून असा अर्थ लावला होता आणि हूं की चूं केलं नव्हतं. पुढच्या याद्या भरलेल्या. काका महिनाभर घरी बसले आणि शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्याकडे गेलं.

ताई व्यवस्थापकांना तोंडावर म्हणाल्या, "जुनीच लावा. ती त्रास देते, पण माझ्या हातून असं होऊ देत नाही."

मला परत आणलं. पण ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी बाईंना लिहिलं, की तुमची चौकट चूक म्हणते, पण काय चुकलं ते सांगत नाही. मग माणसानं करायचं काय? मला झोंबलं, कारण खरं होतं. बाईंनी ताईंकडूनच वाक्य लिहून घेतलं आणि माझ्यात घातलं: 'तारीख पूर्ण लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.' मला घडवणाऱ्यांच्या यादीत आता बाईंच्या खाली ताईंचं नाव आहे.

बाई आता थकल्या आहेत. मित्रांनो, मला हारतुरे नकोत, सांभाळणारे हात हवेत. माझ्यात खोट दिसली तर लिहून कळवा, जमलं तर दुरुस्त करा. चूक दाखवाल तर ऐकेन. धाक दाखवाल तर जागची हलणार नाही.