‘नोंद घेतली’ची पोतडी

आमच्या ऑफिसात एक भारी रीत होती. कुणीही मेल टाकली की बाकीच्यांनी ‘नोंद घेतली’ असं उत्तर द्यायचं, तेही सगळ्यांना. लिफ्ट बंद आहे, नोंद घेतली. लिफ्ट चालू झाली, नोंद घेतली. वर साहेबांचा नियम असा, की आलेली प्रत्येक मेल उघडल्याशिवाय घरी जायचं नाही. त्यांना आम्ही पाठीमागे ‘कडक इस्त्री’ म्हणायचो.

माझी मेव्हणी शेजारच्याच टेबलावर फरश्यांच्या ऑर्डरी बघते. बायकोची धाकटी बहीण, म्हणजे तिला छळायचा माझा दुहेरी हक्क. पण त्या दिवशी तिचं तोंड बघून मी तो हक्क बाजूला ठेवला. ती संध्याकाळी गाण्याच्या ग्रुपमध्ये जाते. कार्यक्रमात एक आख्खं गाणं तिला एकटीला मिळालेलं, आणि या मेलांच्या पायी तालमीवर तालमी बुडत होत्या. गाण्याच्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, आज वेळेवर आली नाहीस तर गाणं दुसरीला. आणि इकडे मेलांचा हा ढीग.

मी म्हटलं, "ऊठ, चहा पिऊन ये."

ती परत आली तेव्हा पडद्यावर जेमतेम आठ-दहा मेल. तिनं माउस खालीवर फिरवून बघितला.

"भाऊजी, माझ्या मेल?"

"पुसल्या," मी गंभीरपणे म्हटलं.

तिनं स्टेपलर उचलला तसा मी पटकन खरं सांगून टाकलं. मी फक्त एक नियम लावला होता. ज्या मेलमध्ये ‘नोंद घेतली’ दिसेल ती आपोआप एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव ‘पोतडी’. ऑफिसची सगळी आज्ञाधारक जनता तिच्यात सुखरूप होती.

उरलेल्या मेल खऱ्या होत्या, पण प्रश्न एकच: माल कधी येणार? ही बया दर वेळी पहिल्यापासून टाइप करायची, प्रेमपत्र लिहिल्यासारखी. मी तिला एक उत्तर तयार करून ठेवलं, आता फक्त तारीख बदलायची. मग काय, धडाधड! शेवटच्या दोन मेल तर ती गुणगुणत उडवत होती.

पर्स खांद्याला लावते न लावते तोच साहेब समोर. वाकून पडदा बघितला. नियम ऐकला. मग म्हणाले, माझंही आत्ताच करून द्या, दोघं या. मेव्हणीनं माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं आता मीच पोतडीत जावं.

साहेबांकडे तर मेलांचा डोंगर. मी नियम लावला, बटण दाबलं, आणि डोंगर भराभरा ढासळायला लागला. कडक इस्त्रीची पार घडी मोडली. लहान पोरासारखे खुर्चीमागे उड्या मारत होते. "अहो, गेले की सगळे!"

ढिगाच्या तळातून एक मेल वर आली. मेव्हणीची, महिन्याभरापूर्वीची. तालमीच्या दिवशी पाचला निघू का? राहिलेलं काम सकाळी लवकर येऊन करीन. त्या मेलवर अख्ख्या ऑफिसनं ‘नोंद घेतली’ लिहिलं होतं. साहेबांनीसुद्धा. वाचली मात्र कुणीच नव्हती.

साहेबांनी आत्ता पुढे होऊन वाचली. हात सवयीनं कीबोर्डवर गेले आणि त्यांनी ‘नों’ टाइप केलं. मेव्हणीनं कीबोर्डच ओढून घेतला.

"साहेब, नोंद नको. हो की नाही, तेवढं सांगा."

माझ्या जिभेवर एक झकास टोमणा आला होता. गिळला. साहेब खाली बघत म्हणाले, "हो. दर तालमीला हो. आणि बाई, आधीचं जे झालं ते..."

"ते उद्या बोलू," म्हणत ती दाराबाहेर. जिन्यावरून तिचं गाणं खणखणीत ऐकू यायला लागलं, गळा तापवत निघाली होती. साहेब कान देऊन उभे राहिले.

"कार्यक्रम कधी आहे हो? सगळ्यांना मेल टाकतो."

"टाका की," मी म्हटलं, "फक्त खाली लिहा, उत्तर देऊ नये, गाणं ऐकायला यावं."