मुक्काम हलेना

धाकट्या भावाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि आई त्याला घरी घेऊन आली. मामी वारल्यापासून मामा एकटेच राहत होते. डॉक्टरांनी पंधरा दिवस जपायला सांगितलं होतं, त्याला आता दोन महिने होऊन गेले. मामांचा पलंग बाहेरच्या खोलीत होता. त्यामुळे वर्तमानपत्रात उपसंपादक असलेला भाचा रात्रपाळीवरून आला की चपला हातात घेऊन, चोरासारखा आत जाई. त्याची तक्रार नव्हती. निदान तोंडाने त्याने ती कधी केली नव्हती.

रोज सकाळी आई मामांना पेपर वाचून दाखवी. डोळा कधीच बरा झाला होता, पण तिला ते मान्य नव्हतं.

मुक्काम हा शब्द भाच्याच्या कचेरीत सगळ्यांच्या हाताशी असे. पाऊस असो, मंत्री असो की साथीचा ताप, जो जायचं नाव घेत नसे त्याचा मुक्काम वाढे, लांबे, नाहीतर हलत नसे. शब्द छोटा, एका कॉलमात मावणारा आणि वाचणाऱ्याला लगेच कळणारा. त्या आठवड्यात थंडी रेंगाळली होती. हवामानाच्या बातम्या भाच्याकडेच असत, हे घरीही ठाऊक होतं. हवामान खात्याचं पत्रक कोरडं ठणठणीत होतं. भाच्याने त्यावर मथळा दिला, 'थंडीचा मुक्काम हलेना! पाहुणी आता नकोशी'. वृत्तसंपादक म्हणाले, "चुरचुरीत आहे." बातमी पहिल्या पानावर गेली.

सकाळी आईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "थंडीचा मुक्काम हलेना. पाहुणी आता..." ती थांबली.

"आता काय?" मामांनी विचारलं.

"काही नाही. पुढे जाहिरात आहे."

मामांनी तिच्या हातातून पेपर घेतला, चष्मा चढवला आणि वाचलं. "हं," एवढंच म्हणाले. चहा संपवला आणि पिशवी भरायला घेतली.

"भाऊ, अरे, त्याच्या मनात तसलं काही नसेल!"

"पोराने वाईट काय लिहिलंय, ताई? चल, येतो मी."

भाचा उठला तेव्हा पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली होती. आई त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती.

"घालवलंस ना माझ्या भावाला?"

"आई, ती थंडीची बातमी आहे."

"मला वाचता येतं. ते 'नकोशी' कुठून आलं? हवामान खात्याने पाठवलं?"

दोन दिवस ताट समोर आदळलं जात होतं. सुटीच्या दिवशी तो मामांकडे गेला.

मामांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान उघडं होतं. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यालाच भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात चिमटा घालून बसले होते. भाच्याने वाटभर जुळवलेली माफी एका दमात मागून टाकली. मामा हसायला लागले.

"अरे, तुझे उपकार झाले! पासष्ट वर्षांचा घोडा मी, आणि ताई मला न्हाणीघराची कडी लावू देत नव्हती. पडशील म्हणे. जातो म्हटलं की डोळ्यांना पदर. तसाच निघालो असतो तर जन्मभर बोलली नसती माझ्याशी."

"आता माझ्याशी बोलत नाहीये."

"तू तिचा मुलगा आहेस. किती दिवस रुसेल? फक्त हे तिला सांगू नकोस. मी आनंदाने राहिलो असतो असंच वाटू दे तिला." मामांनी भिंग काढलं. "आणि मी तुलाही जड झालो होतो. खरं सांग."

"थोडेसे," भाचा म्हणाला.

मामांनी मान डोलावली आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

घरी आई दारातच उभी होती. दोन दिवसांनी आपणहून बोलली. "काय म्हणाला?"

"रागावलेत थोडे."

"रागावणारच!" तिचा चेहरा एकदम उजळला. "तुझ्यामुळे झालंय, आता मलाच निस्तरायला हवं. उद्या जाते त्याच्याकडे चार दिवस. एकट्याचे हाल होत असतील बिचाऱ्याचे."

"चारच दिवस ना?"

"बघू. माळ्यावरची बॅग काढून दे. लहान नको, मोठी."

भाच्याने स्टूल आणलं आणि मोठी बॅग काढून दिली.