भिंगरीची शेवटची शिवण

मी एक जुनी, पायानं चालणारी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. चाकूरला पंचशीलाबाईंच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे. कंपनीचं सोनेरी नाव हाताच्या घामानं कधीच पुसून गेलं, त्यामुळे मी कोणत्या घराण्यातली ते आता मलाही सांगता येणार नाही. सध्या माझ्या फळीवर बीपीच्या गोळ्यांचा डबा, चष्मा, मोबाइलचं चार्जर आणि कालचं वर्तमानपत्र असतं. पाहुणे आले की मला टेबल समजून पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवतात. ते मनाला लागतं.

भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी या घरात आले. पंचशीलाबाईंचे यजमान नरसिंगराव एसटीत कंडक्टर होते. लातूरला गंजगोलाईतल्या दुकानातून त्यांनी मला घेतलं आणि गाडीच्या टपावर दोरखंडानं आवळून बांधलं. चाकूर येईपर्यंत दर थांब्याला ते खाली उतरून वर बघायचे. नवी नवरी टपावर बसवली का काय, असं म्हणून उतारूंनी त्यांची भरपूर चेष्टा केली. नरसिंगराव लाजले, पण बघायचं काही थांबले नाहीत.

पंचशीलाबाई तेव्हा अंगणवाडीत सेविका होत्या. सकाळ तिकडं जायची आणि दुपार माझ्यापाशी. त्यांनी शिवणकामाचं दुकान कधी घातलं नाही. शिवायचं ते घरच्यांसाठी आणि जिवाभावाच्या मैत्रिणींसाठी, एवढंच. पण दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. एक एप्रन आणि दुसरी भिंगरी.

भिंगरी म्हणजे घेरदार स्कर्ट. जुन्या साडीची घडी घालून छत्रीसारखा गोल घेर कापायचा, कमरेला नाडा ओवायचा. मुलीनं घातला आणि ती जागच्या जागी फिरली की घेर असा उचलला जायचा की बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. गल्लीतल्या लेकरांनीच त्याला भिंगरी हे नाव दिलं होतं.

आता त्यातली मेख सांगते. गोल कापलेलं कापड सरळ राहत नाही. काही ठिकाणी ते तिरपं येतं आणि लोंबून लोंबून खाली उतरतं. म्हणून पंचशीलाबाई भिंगरी कापून, कंबर शिवून, तीन दिवस खिळ्याला टांगून ठेवायच्या. मग जिची भिंगरी तिला बोलवायचं, अंगात घालायला लावायचं आणि अंगणात फिरायला सांगायचं. स्वतः उंबऱ्यावर बसून घेर कुठं खाली येतो, कुठं वर जातो ते बघायचं, खडूनं खुणा करायच्या आणि त्यानंतरच खालची कड दुमडून शिवायची. ही शेवटची शिवण. मुलगी समोर फिरल्याशिवाय ती घालायचीच नाही, हा त्यांचा नेम. टेपनं माप घेऊन चालत नाही का, असं विचारणाऱ्याला त्या म्हणायच्या, टेप उभ्या माणसाला मोजतो, पोरगी काय उभी राहते का?

एप्रनची गोष्ट निराळी. त्यांची मैत्रीण चतुराबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. फोडणीचं तेल उडून तिच्या साड्यांची चाळण झाली होती. पंचशीलाबाईंनी भिंगरीतून उरलेलं कापड जोडून तिला एप्रन शिवून दिला, पुढं भलामोठा खिसा असलेला. पहिल्या दिवशी शाळेतल्या पोरांनी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवलं. चतुराबाई कसली खमकी, तिनं त्याच खिशातून पळी काढून दाखवली. महिन्याभरात स्वयंपाकाच्या बाकी बायकाही कापड घेऊन हजर झाल्या. त्या उन्हाळ्यात माझा पट्टा दोनदा तुटला. मला त्याचा अभिमानच वाटला.

पंचशीलाबाईंची एकुलती एक मुलगी महामाया. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून मी तिचे कपडे शिवले. पहिली भिंगरी तिचीच. पुढं ती शिकली, बँकेत लागली आणि लग्न होऊन नाशिकला गेली. नरसिंगराव वारले. पंचशीलाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. मैत्रिणींपैकी एक मुलाकडं देगलूरला गेली, एक हिमायतनगरला, एक देवाघरी. राहिली एकटी चतुराबाई, ती दुपारी शाळा सुटली की डोकावते. एरवी या घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच, कुकर आणि मी. त्यातला कुकर दोन दिवसांतून एकदा लागतो, एकट्या माणसाला कितीसा भात लागणार. माझं तर काय सांगू. आठ आठ दिवस पायडलवर पाऊल पडत नाही. चाक जड होतं. खणात पाल राहते. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात, मला अजून झाली नाही.

तरी वर्षातून एकदा माझे दिवस यायचे. महामायाची मुलगी बुद्धप्रिया दर एप्रिलमध्ये जयंतीसाठी चाकूरला यायची. चौदा तारखेच्या आधी तिची नवी भिंगरी अंगणात फिरायची, खुणा व्हायच्या, मी धावायचे. सकाळी पांढऱ्या साड्यांतल्या बायकांमध्ये विहारासमोर ती पोरगी गोल गोल फिरायची. पंचशीलाबाई कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या, माझी नात आहे, शिवलंय मी.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ती शेवटची आली. ती गेल्यावर पंचशीलाबाईंनी ट्रंकेतली निळी साडी काढली. नरसिंगरावांनी घेतलेली, चारदाच नेसलेली. कात्री लावताना त्यांचा हात थोडा थांबला, मग चालला. पुढच्या जयंतीची भिंगरी. लांबीला चांगलं चार बोटं जास्तीचं कापड ठेवलं, कारण पोर वाढत होती. कंबर शिवली आणि भिंगरी खिळ्याला टांगली.

एक एप्रिल गेला, मुलीची परीक्षा होती. दुसरा आला, महामायाला रजा नव्हती. मी महामायाला बोल लावणार नाही, शहरातल्या नोकऱ्या कशा असतात ते मी फोनवर ऐकते. पण तीन दिवस टांगायची भिंगरी दोन वर्षं उलटली तरी खिळ्यालाच होती, आणि पंचशीलाबाईंना उरलेल्या आयुष्यात एवढंच हवं होतं की नातीनं ती घालून त्यांच्या समोर एकदा फिरावं आणि शेवटची शिवण त्यांच्या हातानं पडावी.

या वर्षी मार्चमध्ये महामायाचा फोन आला. याही जयंतीला जमणार नव्हतं. पण त्यांच्या कॉलनीत कार्यक्रम होता आणि बुद्धप्रियाला आजीची भिंगरीच घालायची होती. महामायानं लांबीचं माप इंचांत सांगितलं. नाहीतर तशीच पाठव, इथला टेलर कड मारून देईल, असंही म्हणाली. टेलरचं नाव काढताच पंचशीलाबाईंचा चेहरा उतरला. माप त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं आणि पोरगी केवढी झाली असं विचारलं. माझ्या खांद्याला लागते, महामाया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चतुराबाई आली. अंगात खिचडीचे डाग पडलेला एप्रन तसाच. पंचशीलाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चतुराबाई बुटकी, महामायाच्या खांद्याएवढीच.

"काय करलालीस गं, असं काय बघलालीस?" चतुराबाईनं विचारलं.

"एप्रन काढ. ही भिंगरी घाल."

"येड लागलं का? मी काय लेकरू हाय का?"

"घाल म्हणते ना."

चतुराबाईनं साडी वर खोचली आणि त्यावर निळी भिंगरी चढवली. कुणी बघू नये म्हणून अंगणाचं फाटक लावलं. मग एक हात डोक्यावर धरून साठीची बाई गोल फिरली. आधी हळू, मग जोरात. पंचशीलाबाई उंबऱ्यावर बसून इतक्या हसल्या की खडू हातातून पडला. चतुराबाईला चक्कर आली, ती फाटकाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, लई वर्षांनी फिरले गं माय. दोघी पाणी प्यायल्या, पुन्हा फिरणं झालं, खुणा झाल्या.

मित्रांनो, मला खिडकीतून एक गोष्ट दिसत होती. पंचवीस वर्षं खिचडीची पातेली आणि पाण्याच्या घागरी डाव्या कमरेवर वाहून चतुराबाईची ती बाजू वर उचललेली आहे. ती उभी राहिली तरी डावीकडं चढ असतो. नवख्या माणसाला ते लगेच दिसलं असतं. पण पंचशीलाबाई तिला रोज बघतात, आणि रोज बघणाऱ्याला दिसत नाही. घेर तिच्या अंगावर सरळ यावा म्हणून त्यांनी डावीकडं कमी कापड दुमडलं, उजवीकडं जास्त. मशीनला तोंड नसतं. शिवाय खरं सांगायचं तर मला सांगायचंही नव्हतं. सुईत निळा दोरा होता, पायडलवर पाय होता, तीन वर्षांत मी इतकी धावले नव्हते. त्या आनंदात मी ती वाकडी कड सरळ शिवून दिली.

भिंगरी कुरिअरनं गेली. बारा एप्रिलला संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पंचशीलाबाईंनी फोन माझ्या फळीवर, गोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. चतुराबाईही मुद्दाम थांबली होती. पडद्यावर बुद्धप्रिया निळ्या भिंगरीत उभी होती. केवढी मोठी दिसत होती. ती फिरली. घेर उचलला, पण डावी बाजू खाली लोळत राहिली, पाय त्यात अडकला आणि पोरगी भिंतीवर आदळता आदळता वाचली.

"आज्जी, डावीकडून लांब झालीय," ती म्हणाली.

मग महामाया पडद्यावर आली. माप तर व्यवस्थित सांगितलं होतं, मग कुणाच्या अंगावर बघितलंस, असं तिनं विचारलं. पंचशीलाबाईंनी चतुराबाईचं नाव सांगितलं. चतुराबाईनं खाली बघून आपली डावी कंबर चाचपली. तिच्या ध्यानात आलं होतं.

महामाया हसली. "आई, अगं चतुराकाकूच्या कमरेवर बारा वर्षांच्या पोरीची भिंगरी बघतेस?"

"कळतंय की मला," पंचशीलाबाई म्हणाल्या. "पण इथं फिरून दाखवायला दुसरं हाय कोण?"

महामायाचं हसू थांबलं. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तेवढ्यात मागून बुद्धप्रियाचा आवाज आला. "आज्जी, टेलरकडं नाही देत मी. मे महिन्यात येते, तू समोर बसून नीट कर." पंचशीलाबाईंनी भिंगरी परत पाठवायला सांगितलं, तोवर उसवून ठेवते म्हणाल्या.

भिंगरी आठ दिवसांनी परत आली. त्यांनी ब्लेडनं एकेक टाका उसवला, कड मोकळी केली आणि ती पुन्हा खिळ्याला टांगली. चतुराबाई दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा माफी मागायला लागली. पंचशीलाबाईंनी तिला गप्प बसवून चहा दिला.

मे आला. मुलीचं शिबिर निघालं, महामायाची रजा पुन्हा नामंजूर झाली. जून गेला, शाळा सुरू झाल्या. आता शिवारात सोयाबीन काढणीला आलंय. परवाच महामाया फोनवर सांगत होती की पोरगी आता उंचीनं तिच्या कानाला लागते. फोन ठेवल्यावर पंचशीलाबाई उठल्या आणि भिंगरीच्या मोकळ्या कडेवर बोटं धरून बघितली. चार बोटं जास्तीच्या कापडातलं आता जेमतेम दीड बोट उरलंय. अजून एक उन्हाळा असाच गेला तर दुमडायला कापडच राहणार नाही.

गेल्या आठवड्यात चतुराबाईच्या एप्रनचा खिसा उसवला. पांढरा दोरा लावून माझ्यावर दोन मिनिटांत झाला असता. पंचशीलाबाईंनी तो हातानं टाचून दिला, बोटाला दोनदा सुई टोचून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. तेल घाला, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. तेल घातलंत तर बरंच वाटेल, नाही कशाला म्हणू. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यासाठी कुणी काही शिवत असेल, तर बोलावणं आलं की जा. अंगाला लावून बघू द्या. टाचणी टोचली तर कुरकुर करू नका. फिरून दाखव म्हटलं की लाजू नका, फिरा, आणि ते माणूस बघत असेल तोवर थांबू नका. आणि तुमच्यापैकी कुणी नाशिकच्या शाळेत असेल, वर्गात बुद्धप्रिया नावाची उंच मुलगी असेल, तर तिला माझा निरोप द्या. म्हणावं, आज्जीनं मशीनमधला निळा दोरा अजून काढलेला नाही.