चवनीसबाईंची जीभ

जपानी खाऊची पाकिटं मागवून दुकानांना पुरवणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे ‘चवनीसबाई’ म्हणत. चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, मग चवी लिहिणारी ती चवनीस, असा गोदामातल्या हमालाचा विनोद होता, आणि विनोद म्हणून तो काही वाईट नव्हता. पाकिटावर रंगीत चित्र असायचं आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. आत काय काय घातलंय ते सोबतच्या कागदांत इंग्रजीत असे, पण खाल्ल्यावर कसं लागतं ते कुठलाच कागद सांगत नाही. ते सांगायला ती होती. पाकीट फोडायचं, खायचं, आणि कार्डावर चार ओळी लिहायच्या. त्या ओळी वाचून दुकानदार माल घेत. ‘गोड’ आणि ‘छान’ या दोन शब्दांना मालकाने बंदी केली होती. “गोड तर साखरसुद्धा असते,” तो म्हणायचा, “त्यासाठी मी माणूस कशाला ठेवू?”

अकरा वर्षं तिने हे काम मान वर करून केलं. घरात तिला कुणी विचारत नसे आणि रस्त्यात कुणी ओळखत नसे, पण कचेरीत पाच माणसं तिच्या घासाकडे डोळे लावून बसत. माणसाला जगात एवढी एक खुर्ची लागतेच.

मग थंडीत तिला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. तोंडात घातलेलं मऊ आहे की कडक, गार आहे की गरम, एवढंच कळायचं. आज येईल, उद्या येईल, म्हणून ती गप्प राहिली. कामावर गेली आणि पहिलंच पाकीट निघालं वाळवलेल्या आलुबुखाराच्या गोळ्यांचं. गुलाबी वेष्टण पाहून तिने अंदाजाने ‘मंद, फळाचा गोडवा’ असं लिहिलं. मालकाने कार्ड वाचता वाचता एक गोळी तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

“बाई, हे गोड? हे तर मीठ आणि चिंच भांडतायत!”

“कार्डांची अदलाबदल झाली वाटतं,” ती हसून म्हणाली. संध्याकाळी निघताना तिने उरलेली पाकिटं गुपचूप पिशवीत टाकली.

नवरा बस डेपोत दुपारपाळीला. तो यायच्या आत सासूबाई झोपलेल्या असत, त्यामुळे संध्याकाळी घरात दोघीच. सासूबाईंना पंधरा वर्षांची शुगर. साखरेचा डबा वरच्या फळीवर, खुर्चीशिवाय हात पोचणार नाही असा, मुलाने स्वतः नेऊन ठेवलेला.

“आई, एक चिमणीएवढा तुकडा खाऊन सांगता का, कसं लागतंय?”

“मी? अगं, मला चहा बिनसाखरेचा देता आणि हे खायला सांगतेस?”

मग तिला सगळं सांगावं लागलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्या मुलाबद्दल. “त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगूही नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारी डेपोत कळेल आणि संध्याकाळी तुझ्या मालकाला.” असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. पहिली निघाली ती सोयाचा रस लावून भाजलेली तांदळाची चकती. सासूबाईंनी डोळे मिटून चावली. “आधी खारट. मग... थांब हं. मग भाजका वास. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की कापडाला येतो ना, तसा. पण हवाहवासा.”

सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली होती. सुनेने शब्द थोडे धुऊन-पुसून कार्डावर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी मालकाने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “इतक्या वर्षांत असं लिहिलं नव्हतंत, बाई!” तो म्हणाला. तिने मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्याच. सहाच्या आत केस विंचरून, कवळी धुऊन, कोमट पाण्याचा पेला घेऊन टेबलाशी हजर. औषध घेतलं का आणि दार लावलं का, याखेरीज त्यांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. आता रोज कुणीतरी त्यांचं मत कागदावर लिहून घेत होतं. लाल घेवड्याच्या गोड वडीला त्या म्हणाल्या, “तिकडच्या माणसाला रडायचं असलं की हे खात असणार. लगेच संपत नाही.” हिरव्या चहाच्या बिस्किटाला म्हणाल्या, “कडू आहे. पण कडू बोलणारी माणसं मनाने बरी निघतात, तसं आहे.” झणझणीत तिखट लावलेल्या एका हिरव्या वाटाण्याने तर त्यांच्या नाकातोंडातून धूर काढला, डोळे पुसत त्या हसत सुटल्या आणि त्यांना पाहून सूनही. सासू-सून एकत्र हसण्याचा त्या घरातला तो पहिलाच प्रसंग असावा.

चिमणीएवढ्या तुकड्याचा हळूहळू कावळ्याएवढा झाला. एका घासात काय कळणार, असं सासूबाई म्हणत, आणि सून पाकीट पुढे सरकवी.

रोज सकाळी बोटाला टोचून साखर मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा, हे सुनेचं काम. मुलगा रविवारी वही बघे. एका सकाळी यंत्रावर दोनशे शहाऐंशी आले.

“एकशे चाळीस लिही,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, अहो...”

“लिही गं. उगाच डोकं खाईल तो. आणि उद्यापासून मी खाणार नाही म्हटलं, तर तू काय लिहिणार आहेस कार्डावर?”

तिने एकशे चाळीस लिहिलं. पहिल्या दिवशी तिचा हात थबकला होता. दुसऱ्या दिवशी थबकला नाही.

मग वसंताचा माल आला. चौतीस प्रकार आणि बारा दिवस. जवळजवळ सगळंच गोड: गुलाबी भाताचे लाडवासारखे गोळे, पानात गुंडाळलेले, पिठूळ, चिकट, दुधाळ. आता थांबायला हवं हे तिला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून तिला सोडून द्यायचं कारण नाही. हा एवढा माल होऊन जाऊ दे, मग थांबू, असं ती रोज स्वतःला सांगत होती. त्याच दिवसांत सासूबाई घरातही मोजे घालू लागल्या. पाय गार पडतात, म्हणाल्या. नवी चप्पल करंगळीला चावली होती, पण पंधरा वर्षांच्या शुगरने पायातली जाणीवच मेलेली. दुखलं असतं तर त्या बोलल्या असत्या. चिघळलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण दवाखाना म्हटला की तपासणी आली, खरा आकडा आला, आणि संध्याकाळचं टेबल गेलं.

रविवारी नवरा दुपारी घरात होता. दारातच थांबून तो म्हणाला, “कसला घाण वास येतोय?”

तिला कसलाच वास येत नव्हता. पण चवनीसबाईला वास येत नाही, असं कसं म्हणणार?

“ती सुकी मासळी आहे,” ती म्हणाली. “जपानी. पाकीट फोडलंय ना, म्हणून.”

“असलं खातात लोक?”

“चवीने खातात.”

त्याने खिडकी उघडली आणि वर्तमानपत्र घेऊन बसला. कोपऱ्यात सासूबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते तिला दिसलं. दिसलं, आणि तिने नजर काढून घेतली.

बुधवारी सकाळी सासूबाई न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. अंग तापाने फणफणलं होतं. झोपेतून उठून आलेल्या मुलाने त्यांना उचललं, मोजा काढला आणि तोंडावर हात धरून मागे सरला. ती शेजारीच वाकून उभी होती, काहीच न येणाऱ्या वासात.

हॉस्पिटलात त्यांनी घोट्याच्या वरून पाय काढला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई वही हातात घेऊन खाटेशी आल्या. “इथले आकडे तर उत्तम आहेत. मग हे झालं कसं? आणि इतकी जखम कुजली तरी घरात कुणालाच वास कसा आला नाही?”

“मला आला होता,” नवरा म्हणाला. “रविवारीच. मी हिला विचारलं, तर म्हणाली, सुकी मासळी आहे.”

दोघेही तिच्याकडे पाहू लागले. सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं, ‘मला वास येत नाही’. तीन महिने तिने ते गिळून ठेवलं होतं. आता बोललं की नवऱ्याला आज कळणार, मालकाला उद्या, आणि परवापासून तिला चवनीसबाई म्हणणारं कुणी उरणार नाही. तिने ओठ उघडले.

“तिला काय विचारता?” सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण शब्द नीट होते. “मासळीचं मीच सांगितलं तिला. पाकिटंही मीच खात होते, ती कामावर गेली की, चोरून. वहीतले आकडेही मीच खोटे सांगायचे. ती बिचारी लिहायची.”

“चोरून?” मुलगा पुढे झाला. “तू? आई?”

लाँड्रीत लोकांच्या खिशांत अंगठ्या निघत, नोटा निघत. या बाईने कधी कुणाचं बटणसुद्धा ठेवून घेतलं नव्हतं, हे त्यानेच डेपोत शंभरदा सांगितलं होतं. आता तो आईकडे असा पाहत होता, की जणू ती कुणी भलतीच बाई असावी.

“या वयात जीभ आवरत नाही तुझी?”

“नाही आवरली रे.”

तो बायकोकडे वळला. “तुला माहीत होतं?”

सासूबाई तिच्याकडेच पाहत होत्या. त्या नजरेत ‘बोल’ असंही नव्हतं आणि ‘गप्प बस’ असंही नव्हतं. त्यांच्याकडून जे द्यायचं होतं ते देऊन झालं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

नवऱ्याने सुस्कारा सोडला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तू तरी किती बघणार,” तो म्हणाला. मग आईकडे वळून, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आजपासून हिच्या वस्तूला हात लावायचा नाही. कळलं?”

“कळलं,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.