राखेत ठेवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. हसू नका! पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे, पण आवाज अजून शाबूत आहे. सगळा नाही. मधले काही सूर गेले. कसे गेले, तेच तुम्हांला सांगते.

रिठद गावच्या भजनी मंडळात माझा काय थाट होता! रामकिसनबुवा मला वाजवायचे आणि माणसं माना डोलवायची. पुढे बुवांचे हात थरथरू लागले, मंडळात विजेवरचा कीबोर्ड आला, आणि मी देवळाच्या खोलीत सतरंज्यांखाली जाऊन पडले. कुणी विचारलंसुद्धा नाही. मला फार राग आला होता. खरं सांगू? अजून आहे.

तिथून मला बाहेर काढलं मोतीबाईनं. ती जवळच्या तांड्यावरची. सारा जन्म ऊसतोडीत गेला, आणि साठीला आल्यावर कुठे हातातला कोयता सुटला. देवळाच्या दाराशी बसून ती वर्षानुवर्षं मला ऐकत आली होती. एक दिवस तिनं बुवांना सरळच विचारलं, "बुवा, मले पेटी शिकवता का?"

"या वयात कायले वं, बाई?"

"मंग कवा शिकू? आतालोक टाइमच कुठं भेटला?"

बुवांनी मंडळाला विचारून मला तिच्या घरी पोचवलं आणि स्वतः शिकवू लागले.

अरे देवा, ती बोटं! जाड, वाकडी. एक पट्टी दाबायला जावं तर दोन दबायच्या आणि मी केकाटायची. सून मंजू चुलीपासून ओरडायची, "बकऱ्या बुजून राह्यल्या ना!" पण एका सकाळी मोतीबाईचा 'सा' स्वच्छ लागला. भात्यातली हवा संपेपर्यंत तिनं तो धरून ठेवला, आणि मग एकटीच खदखदून हसली. इतकं कौतुक माझं देवळातही कधी झालं नव्हतं. दिवाळीपर्यंत ती एक अख्खं भजन वाजवू लागली.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीचा ट्रक आला. तिचा मुलगा वीरेंद्र म्हणाला, "याडी, तुले यावंच लागते. आमी फडात गेल्यावर लेकरं कोन पाह्यन?"

"अन् पेटी?"

"मानसालेच जागा नाई, पेटी कुठं ठेवू?"

त्याचंही खोटं नव्हतं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आजीवाचून त्याची लेकरं उघड्यावर पडली असती. मोतीबाई जायला तयार झाली.

उन्हाळ्यापर्यंत वस्तू टिकवायची कशी, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तूर टिकवतात तशी! तिनं चुलीची राख चाळली, कडुनिंबाचा पाला आणला, झाकण उघडून दोन्ही माझ्या पोटात भरलं, आणि आपल्या चांगल्या लुगड्यात गुंडाळून मला धान्याच्या कोठीत ठेवलं. वरून हात फिरवून म्हणाली, "आता किडा लागत नाई तुले."

अगं बाई, मी काय तूर आहे? पण ओरडणार कशी? भाता हलवल्याशिवाय मला वाचा नाही.

राख सुरांत, म्हणजे माझ्या पितळी जिभांत, बसली. ओल्या पाल्याची ओल आत मुरली. ती परत येईल आणि मी मुकी निघेन, हीच भीती मी हिवाळाभर उराशी धरून होते.

ती आली. पाणीसुद्धा न पिता तिनं मला उघडलं आणि भाता हलवला. राख तिच्या तोंडावर उडाली. मी नुसती कण्हले. पुन्हा हलवला, पुन्हा तेच. मोतीबाई अंगणातच रडू लागली, "माह्याच हातानं मारली वं इले!" बकऱ्यांवरून ओरडणारी मंजू पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी राहिली.

बुवा आले. "अवो बाई, तूर हाय का ते?" म्हणून आधी खूप रागावले, मग मला खोलून बसले. त्यांचे हात कापायचे, म्हणून मोतीबाई एकेक सूर धरायची आणि ते कुंचल्यानं झाडायचे. बरेच सूर आले. मधले काही आलेच नाहीत.

तरी ती वाजवायला बसली. बोटं अडखळेनात! तिकडे ऊसतोडीवर कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटात, तिनं फळीवर कोळशानं पट्ट्या काढल्या होत्या आणि गुणगुणत त्यांवरच रोज बोटं फिरवली होती. पण गेलेला सूर आला की गाण्यात भोक पडायचं. ती थांबली. पुन्हा तिथेच भोक. इतक्यात चुलीपासून कुणीतरी तो सूर म्हटला. मंजू! सासूचं गुणगुणणं ऐकून तिचं भजन पाठ झालं होतं.

यंदा पुन्हा ट्रक आला. मोतीबाई माझ्यापाशी बसून राहिली. "पेटी चढन तं मी चढन."

"जागा नाई म्हनलं ना, याडी!" वीरेंद्र वैतागला.

ट्रकवर चढवलेला आपला पाण्याचा ड्रम मंजूनं खाली उतरवला. "ठेवा पेटी इथं. मी हंड्यानं पानी आनीन."

मित्रांनो, आता मी कोपीत आहे. धूळ फार आहे, किती दिवस टिकेन ठाऊक नाही. पण मला जपायचं असेल तर वाजवा, झाकून ठेवू नका. आणि म्हातारं माणूस शिकायचं म्हणालं, तर कायले म्हणून विचारू नका.

संध्याकाळी मोतीबाई भाता हलवते. गेलेल्या सुरापाशी आली की थांबते. लांबून पाणी घेऊन आलेली मंजू डोक्यावरचा हंडा उतरवते, दम घेते, आणि तो सूर म्हणते.