घरी गेला की बिघडणारा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो. वय लपवायची हौस मला नाही. मी एक अ‍ॅम्प्लिफायर. मुंगीएवढा आवाज उचलायचा, त्यात बळ भरायचं आणि तो मोठ्या स्पीकरांच्या हवाली करायचा, हे माझं काम. मला हलवायला दोन माणसं लागतात. माझं तोंड जाड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि त्यावर आवाजाबरोबर डोलणारे दोन काटे आहेत. एका लहानशा कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटातला एकेक सांधा डाग देऊन जोडला आणि झाकण लावण्याआधी आत हलकेच फुंकर मारली. इतक्या मायेने माझ्याकडे पुढे फार थोड्यांनी पाहिलं.

त्या थोड्यांतले एक वकील. कोर्टातून आले की अंगातला कोट काढण्याआधी ते माझं बटण दाबायचे. पाहुणे आले तर म्हणायचे, "बोलू नका, आधी ऐका." मी फुशारून जायचो. पुढे वकील गेले. त्यांच्या पुतण्याला घर रिकामं करायची कोण घाई! त्याने भिंतीतल्या वायरी उपसल्या, टोकं कापली, प्रत्येक टोकाच्या दोन तारांपैकी एकीला खुणेची लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि वायरींसकट मला जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन टाकलं.

दुकानदार दुरुस्तीही करायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याने मला त्याच्या स्पीकरांना जोडलं आणि मी असा काही वाजलो की रस्त्यावरची माणसं थबकली. लगेच गिऱ्हाईक मिळालं. पण आठवडा संपायच्या आत ते मला परत घेऊन आलं. "ह्याच्या आवाजात दम नाही." दुकानात लावलं, तर दम होता! दुसऱ्या घरूनही मी तसाच परत आलो. उस्ताद वैतागला. "दुकानात साधू आणि घरी गेला की भामटा! आता परत आला ना, तर सरळ उघडतो आणि सुटे भाग विकतो."

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. फळीवर काटे शून्यावर ठेवून मी सारखा विचार करायचो. चूक माझीच असेल का? कुठला सांधा सैल झाला असेल? स्वतःच्या पोटात मला डोकावता येत नव्हतं.

अशात एक चष्मेवाला आला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, 'ही बरी, की आधीची?' तीच सवय घेऊन तो दुकानात बसला. आम्हा तिघा अ‍ॅम्प्लिफायरांना आळीपाळीने वाजवायला लावून दर वेळी म्हणे, "हा बरा, की आधीचा? पुन्हा एकदा आधीचा लावा बरं."

"साहेब, माझा नंबर काढताय का?" उस्ताद म्हणाला.

माझ्या शेजारी एक चकचकीत, नवाकोरा दिसणारा होता. चष्मेवाल्याने डोळे मिटून ऐकलं आणि बोट माझ्याकडे दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली.

"आठवडाभर वाजवून बघा," उस्ताद म्हणाला. "आणि ह्या वायरी ह्याच्याबरोबरच आल्यात, चांगल्या जाड आहेत. घेऊन जा."

व्हायचं तेच झालं. घरी मी जीव तोडून वाजलो, पण रेकॉर्डवर गाणारी बाई खोलीत कुठे उभी आहे तेच कळेना. तालाचा ठोका तर पार पोकळ. चष्मेवाल्याने स्पीकर सरकवले, सतरंजी अंथरली, सोफा फिरवला. त्याची बायको शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "घर फिरवून झालं असेल तर मला बसायला जागा द्या." शेवटी त्याने उस्तादला फोन केला. उस्ताद म्हणाला, "उद्या सकाळी येऊन उचलतो." मला कळलं, आपला खेळ खलास.

सकाळी चष्मेवाला शेवटचं म्हणून ऐकत बसला होता. बायको कोणा पालकांशी फोनवर बोलत होती. तिने फोनवर हात ठेवला. "अहो, माझ्या बाजूचा स्पीकर तेवढा बंद करा ना, काही ऐकू येत नाहीये."

त्याने आवाज डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटून देणारं माझं बटण एका बाजूला पूर्ण फिरवलं आणि खोलीत दणदणीत ठोका उमटला.

"बंद करा म्हटलं, मोठा काय करताय?"

"अगं, मी निम्मा बंद केलाय!"

त्याने नुसता दुसरा लावला. तोही भरदार. दोन्ही लावले, की पुन्हा पोकळ. तो सवयीने एका डोळ्यावर हात ठेवून उभा राहिला.

"एकेक डोळा झाकून पेशंटला नीट दिसतं आणि दोन्ही उघडले की बिघडतं. तेव्हा नंबर बदलून उपयोग नसतो. डोळे चांगलेच असतात, फक्त एका दिशेला बघत नसतात."

"म्हणजे तुमचे स्पीकर तिरळे?"

"स्पीकर नाही, वायर!" तो गुडघ्यांवर बसला आणि वायर बोटांनी चाचपत गेला. एका वायरीची लाल पट्टी एका टोकाला एका तारेवर होती, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच तारेवर. त्यामुळे एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा, तेव्हा दुसरा मागे ओढायचा. मी दिलेलं सगळं बळ ते दोघं एकमेकांत फुकट घालवत होते. पट्टीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, माझ्यावर कोणीच नाही. त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि ती गाणारी बाई खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. बायकोने फोन ठेवून दिला.

तेवढ्यात बेल वाजली. उस्ताद पोतं आणि एक हमाल घेऊन दारात उभा. त्याने ऐकलं, वायर पाहिली आणि हातातलं पोतं खाली टाकलं.

"दर वेळी मीच बांधून दिल्या ह्या," तो म्हणाला. "आणि आज मी ह्याला फोडणार होतो."

मित्रांनो, आता मी ह्याच घरात आहे. इथे मला रोज पुसतात, गरम हवा बाहेर जाते त्या माझ्या झरोक्यांवर कापड टाकत नाहीत, माझी काळजी घेतात. पण इतके दिवस ऐकून ऐकून मला स्वतःलाच वाटू लागलं होतं की मी टाकाऊ आहे, आणि ते काही पुसून जात नाही. अजूनही दाराची बेल वाजली की गाणं चालू असताना माझा जीव दचकतो. म्हणून हात जोडून सांगतो, ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याला बिघडलेला म्हणण्याआधी एकदा वायर तपासा.