अर्धा फळा

आमच्या गणित विभागातला फळा उंचावर होता. तो ज्या सरांनी बसवून घेतला, ते दारातून वाकून आत यायचे म्हणे. त्यात कायम नोकरीच्या मुलाखतीचा रिवाज असा की उमेदवाराने फळ्यावर पूर्ण सिद्धता मांडायची आणि शेवटपर्यंत काहीच पुसायचं नाही. माझा हात फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचायचा.

"स्टूल माग की," आई म्हणाली.

"ताईने मागितलं होतं गेल्या वर्षी." ताई म्हणजे माझ्याही आधीपासून इथे हंगामी शिकवणारी. "प्रमुख म्हणाले, जपून हं, पडाल-बिडाल. सगळे हसले. तिने स्टूल सोडलं आणि सिद्धता अर्ध्यात असतानाच फळ्यावरची जागा संपली."

"मग तू अर्ध्यात बसव," आई म्हणाली. जसं काही कापडच बेतायचं होतं.

मी चिडले, पण ते डोक्यातून जाईना. माझ्या सिद्धतेचे दोन भाग होते, सम संख्यांसाठी एक, विषमसाठी एक. शेजारी ठेवून पाहिले तर दोघी जुळ्या बहिणी. एकीवरच भागत होतं.

मुलाखतीत मी फळ्याचा खालचा भाग भरला आणि खडू ठेवला. प्रमुख वरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"पुढे?"

"संपलं, सर."

"संपलं कसं? अजून अर्धा फळा आहे!"

मागे बसलेली ताई खोकली. तो खोकला नव्हता.

प्रमुख उठले, चष्मा पुसला आणि कमरेत वाकून एकेक ओळ तपासू लागले. "सापडलं! शून्याचं काय? ते ना सम, ना विषम."

"शून्य समच आहे, सर. आणि यात सम-विषम वेगळं केलेलंच नाही."

बाहेरून आलेले म्हातारे परीक्षक खो खो हसले. "अहो, शून्य सम असतं हे तुम्हीच शिकवता ना?"

"वाकून वाचलं की रक्त डोक्यात जातं," प्रमुख कंबर चोळत म्हणाले.

"मग फळाच खाली घ्या ना, सर," ताई म्हणाली. या वेळी प्रमुखही हसले.

नोकरी मला मिळाली. माझं पहिलं काम सुताराला बोलावणं. आता वरच्या कडेपर्यंत माझा हात पोचतो.

पुढच्या महिन्यात ताईची मुलाखत आहे. "माझी सिद्धता लांबलचक आहे गं," ती काल म्हणाली. "तुझ्यासारखी आखूड नाही जमायची."

"करूच नकोस," मी म्हटलं आणि तिच्यासाठी फळा स्वच्छ पुसला, वरपासून खालपर्यंत.